दोन पत्र्यांमधली जागा

१२ मार्च

पोचलो एकदाचे. टेम्पोत पुढे मी आणि टिचकी, टिचकीच्या मांडीवर शिवणयंत्राचं चाक, आणि मागे उरलेला सगळा संसार. टेम्पोवाला वाटभर विचारत होता की चाक मांडीवर कशाला, टाका की मागे. शेवटी टिचकीने त्याला सांगून टाकलं की चाक हरवलं तर आमची माऊ उपाशी मरेल. तो इतका हसला की सामान उतरवताना पलंग त्याने एकट्याने उचलला.

माऊ म्हणजे मी, तिची मावशी. ताई गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. वय आठ, अंगाने पाचाची वाटते आणि बोलायला लागली की पन्नाशीची.

घर म्हणजे पूर्वीचं गोदाम. ओळीने तीन खोल्या: पुढची मला शिवणाला, मधली झोपायला, मागची स्वयंपाकाला. तिन्हींवर मिळून एकच लांब, उतरतं छप्पर. भिंती जाड, दार एकच, खिडक्यांना गज, पुढे फरशीचं अंगण. ज्या दुकानासाठी मी आता गणवेश शिवणार आहे त्यांच्याच ओळखीने मिळालं. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून सांगितलं की अगं बाई, कपाट असं दाराच्या तोंडावर कोण ठेवतं! आम्ही कपाट हलवलं, काकूंनी आम्हाला चहा दिला. शेजार चांगला लागला.

टिचकी झोपलीय. अधूनमधून खोकते. प्रवासाची धूळ असेल. मला मात्र कितीतरी दिवसांनी असं वाटतंय की आपण नीट कुठेतरी येऊन टेकलो. वहीसुद्धा म्हणून काढली. रोज लिहीन म्हणते. बघू या.

१४ मार्च

धूळ प्रवासाची नव्हती. सकाळी पलंगावर बारीक राखाडी भुकटी सापडली. वर बघितलं तर पन्हळी पत्रे, जुने, सिमेंटचे, कडांनी भुसभुशीत झालेले. पलंगाच्या बरोबर वर एक भोक आहे. त्यातून उन्हाचा गोल कवडसा उशीवर पडतो. टिचकी त्यात हात धरून बसते आणि म्हणते, माऊ, बघ, मला ऊन भरवलं कुणीतरी.

इथल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी टिचकीची पाठ ऐकली आणि पहिला प्रश्न छपराचाच विचारला. दमेकरी मुलीला ही भुकटी म्हणजे विष, आणि ते पत्रे फोडून काढायला गेलात तर दहापट विष, असं म्हणाल्या. मग करायचं काय? झाकायचं, म्हणाल्या.

घरमालकांनी कुरकुर न करता पत्रेवाल्यांना पाठवलं. उंच, वाळकुडा, कमी बोलणारा माणूस. सोबत त्यांचा मेहुणा, तो दोघांचं मिळून बोलतो. पत्रेवाल्यांनी शिडीवरून छप्पर पाहिलं, जुन्या पत्र्यावर तळहात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा. मला समजावून सांगितलं: जुन्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर लोखंडी पट्ट्या मारायच्या, खालच्या तुळयांपर्यंत घट्ट, आणि पट्ट्यांवर नवे पत्रे. मधे वीतभर जागा राहते. त्या जागेत हवा खेळते, म्हणून घर तापत नाही. मी म्हटलं, म्हणजे आम्हाला दोन छपरं. मेहुणा म्हणाला की हो, खालचं म्हातारं आणि वरचं नवंकोरं, दोघांत बोलाचाली होऊ देऊ नका म्हणजे झालं.

१७ मार्च

घरभर ठोकाठोक. टिचकीला शाळेपेक्षा हेच आवडलंय. ती अंगणात बसून मेहुण्याला स्क्रू मोजून देते आणि प्रत्येक वेळी एक जास्त देते, पडला तर म्हणून. नवे पत्रे निळसर आहेत. दोरीने वर ओढताना ते वाकतात आणि ढगात गुरगुरल्यासारखा आवाज येतो.

उद्या शेवटचा पत्रा. निघताना पत्रेवाले मुद्दाम थांबले. शेवटचा पत्रा बसताना घर रिकामं लागतं, म्हणाले. माणूसच काय, घड्याळसुद्धा चालू नको. तुम्ही सगळ्यांनी अंगणात यायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. का, तर त्या पत्र्याबरोबर मधली हवा कोंडते आणि त्या घटकेला घरात जो आवाज असेल तोही तिच्यात कोंडतो. मग तो तिथेच राहतो.

मला हसू आवरेना. मेहुणा लगेच सांगायला लागला की एका घरात सासू-सुनेचं भांडण असं कोंडलं गेलं, आता दोघी गप्प बसतात आणि छप्पर भांडतं. पत्रेवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेले स्क्रू मुकाट्याने गोळा केले. मला म्हणाले, ताई, हसा तुम्ही, पण करा एवढं.

करीन म्हटलं. आपल्या कामाचा मान ज्याचा त्याने राखावा. मीसुद्धा कात्री कुणाच्या हातात देत नाही, खाली ठेवते.

१८ मार्च

झालं छप्पर. अंगणातून बघितलं तर दुसऱ्याच कुणाचं घर वाटतं.

पण एक लिहून ठेवते. टिचकी पहाटेपासून खोकत होती. श्वास घेताना गळ्याखाली खळगा पडत होता. औषध देऊन, शेकून, दुपारी कुठे डोळा लागला. आणि तेवढ्यात वरून पत्रेवाल्यांनी हात उंचावला. काकूसुद्धा भिंतीपाशी तोंडावर पदर धरून उभ्या. पत्रेवाल्यांनी खुणेने विचारलं, सगळे बाहेर?

मी होकाराची मान हलवली. झोपलेल्या आजारी पोरीला उठवून उन्हात उभं करायचं, कशासाठी? एका समजुतीसाठी?

पत्रा टेकतो न टेकतो तोच तिला उबळ आली. मी आत धावले. तिला छातीशी घेतलं, पाठ चोळली, म्हटलं, आहे गं मी, इथेच आहे, हळू घे, हळू. डोक्यावर ड्रिल फिरत होतं. उशीवरचा कवडसा बारीक होत होत विझला.

खाली उतरल्यावर पत्रेवाल्यांची नजर दारात डोळे चोळत उभ्या असलेल्या टिचकीवर गेली. मी म्हटलं, आत्ताच गेली आत, पाणी प्यायला. ते ड्रिलची वायर गुंडाळायला लागले. मलाच त्यांच्याकडे बघवेना.

२२ मार्च

खोकला गेला! चार दिवस झाले, एकदाही नाही. भुकटी नाही, उकाडा नाही. टिचकी पलंगावरून उड्या मारते आणि धाप लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी पाठ ऐकून भुवया उंचावल्या, नळी झटकली, पुन्हा ऐकली. छाती एकदम स्वच्छ, म्हणाल्या. मी घरी येऊन स्वयंपाकघरात रडून घेतलं. ताईचा फोटो अजून खोक्यातच होता, तो काढून लावला.

दुपारी छपरातून टक टक येते. पत्रेवाल्यांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, ऊन लागलं की पत्रा ताणतो, सावली आली की आखडतो. मग त्यांनी विचारलं की बाकी काही नाही ना?

नाही म्हटलं.

२५ मार्च

आज आभाळ होतं. ऊन नाही, तरी टक टक.

मी पुढच्या खोलीत बाह्या जोडत होते. टक टक डोक्यावर. पाणी प्यायला मागे गेले, तर माझ्याबरोबर मागे आली. मुद्दाम मधल्या खोलीत जाऊन उभी राहिले. ती तिथे येऊन थांबली. उंदीर, म्हटलं. दोन पत्र्यांच्या मधे शिरला असेल. वीतभर जागेत उंदरासारखा राजा कोण!

मग वरून खोकला आला.

कोरडा, एकामागून एक तीन, आणि शेवटी ती बारीक शिट्टी. ही शिट्टी मी झोपेतही ओळखते. तीन वर्षं ऐकलीय मी. मी दारात पळाले. टिचकी अंगणात खडूने घरं आखत होती. तोंड मिटलेलं होतं.

तिनेही वर पाहिलं. मला विचारलं, माऊ, वर कोण आजारी आहे?

मी म्हटलं, कुणी नाही गं. पत्रा वाजला.

२७ मार्च

वरचा खोकला वाढतोय. वर जे काही आहे त्याने उशीवरचं ऊन घेतलं, आणि त्याबरोबर तिचं दुखणंही घेतलं, असं मी मनाला समजावत होते. वेडेपणाच, पण तेवढ्यावर भागत असेल तर खोक बाबा, तू खोक. मनापासून म्हटलं मी तसं.

तेवढ्यावर भागत नाहीये.

आज काकूंनी भिंतीवरून काहीतरी गंमत सांगितली, त्यांच्या ह्यांनी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधला ती. टिचकी पोट धरून हसली. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं. आवाज नाही. काही म्हणजे काही आवाज नाही. काकूंना वाटलं ती मुद्दाम करतेय, त्या आणखीनच हसल्या.

हसणं वरून आलं. थोडं उशिरा. जणू कुणीतरी आधी विचार केला आणि मग हसलं.

२९ मार्च

सकाळी उठली तर बोलता येईना. ओठ हलवते, गळ्याला हात लावून माझ्याकडे बघते. रडली, तेही मुकं. मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. घसा साफ, पडजीभ साफ, सूज नाही. मुलं कधीकधी मनात काही धरून बसतात, आई नसलेल्या मुलांचं तसं होतं, वेळ द्या, म्हणाल्या.

परत आलो तर घरात पाढे चालले होते.

बाहेरून कुलूप. आत कुणी नाही. छपरातून टिचकीच्या आवाजात सातचा पाढा. सात आठे जवळ ती नेहमी अडते, चोपन्न म्हणते, मग जीभ चावून छप्पन्न म्हणते. वरचंही अडलं. चोपन्न. मग छप्पन्न.

टिचकी माझ्या कमरेला घट्ट चिकटून उभी होती. तिचे ओठ पाढ्याबरोबर हलत होते.

३० मार्च

आज ते अडलं नाही. सरळ छप्पन्न म्हणालं, आणि पुढे गेलं. आठचा, नऊचा. टिचकीला नऊचा अजून शिकवलेलाच नाही.

काकू म्हणाल्या, पोरगी काय खणखणीत म्हणते हो! आमच्या नातीला पाठवते तुमच्याकडे.

मी हसले. हसून घरात आले आणि यंत्र जोरात चालवायला घेतलं, म्हणजे ते पाढे ऐकू यायला नकोत.

१ एप्रिल

सोडून जायचं ठरवलं. कुठेही. एक पिशवी, टिचकी, आणि बस.

वस्ती संपली तशी ती माझ्या खांद्यावर कलंडली. झोपली असं वाटलं. मग तिचे ओठ पाहिले. निळे पडले होते. नखं निळी. छाती हलत होती पण आत काही जातच नव्हतं, रिकामा भाता हलवावा तसं. बस थांबवून रिक्षा धरली. रिक्षावाल्याने दवाखाना विचारला, मी कशी कुणास ठाऊक घराचा रस्ता सांगितला. घर जवळ येत गेलं तसा तिचा रंग परत आला. फाटकापाशी तिने डोळे उघडले.

तिचा श्वास इथे आहे. इथेच, माझ्या डोक्यावर, वीतभर जागेत. मी तिला कुठे नेणार?

पिशवी अजून दारात पडलीय.

२ एप्रिल

पत्रेवाल्यांना फोनवर सगळं सांगितलं. मान हलवली ती, खोटं बोलले तेही. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

आधी एवढंच विचारलं की त्या वेळी घरात कोण बोललं? टिचकी खोकली, म्हटलं. आणि? आणि मी. तिला धीर दिला. मी इथेच आहे म्हटलं.

तुमचाही आहे मग आत, म्हणाले.

त्यांच्या सासऱ्यांनी एकदा असं उघडलं होतं. शेवटचा पत्रा दिवसाउजेडी काढायचा. ज्यांचं आत आहे त्यांनी अंगणात, उघड्यावर थांबायचं, म्हणजे जे ज्याचं ते त्याला मिळतं. आणि तोवर घरात अवाक्षर काढायचं नाही. ते ऐकून शिकतं, ताई. जेवढं शिकेल तेवढं वाढेल. मग त्याला वीतभर जागा पुरायची नाही.

लांबच्या कामावर आहेत. परवा सकाळी येतो म्हणाले. मी विचारलं, सासऱ्यांनी उघडल्यावर काय झालं होतं? रेंज नाही, म्हणाले.

३ एप्रिल

आम्ही बोलत नाही. कापड बेतायच्या टेबलावर खडूने लिहून दाखवतो. टिचकीला मी हा खेळ म्हणून सांगितलाय, उद्यापर्यंत जो बोलेल तो हरला. तिने लिहिलं, मी तर जिंकणारच. मी तिला उचलून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं, म्हणजे माझा चेहरा तिला दिसायला नको.

जेवताना वरून मी बोलले.

आहे गं मी. इथेच आहे. हळू घे, हळू.

माझाच आवाज. माया जशीच्या तशी. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, कधी पुढच्या खोलीवर, कधी पलंगावर. टिचकीने माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. मी पाठ फिरवली आणि भांडी घासायला घेतली, जोरात.

पलंगावर पुन्हा भुकटी. जुना पत्रा मधोमध खाली आलाय. थोडासाच. वरून कुणी टेकून बसावं तसा.

४ एप्रिल, सकाळ

उठले, आणि एकटीच असताना, हळूच, मोरीत, स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. नाही. घशातून नुसती हवा.

टिचकीला सांगितलं नाही. खेळ चालू आहे असंच तिला वाटतंय. घाबरेल ती. आज संपणारच आहे.

पत्रेवाले आले, एकटे. मेहुणा यायला तयार नाही म्हणाले. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांना वाटलं मी सांगितल्याप्रमाणे मौन पाळतेय. शाब्बास ताई, म्हणाले आणि शिडी लावली. चढताना सांगून गेले की पोरीला अंगणात ठेवा, जुना पत्रा तडकला तर धूळ उडेल, आत चादरी भिजवून पलंगावर आणि यंत्रावर टाका, मग तुम्हीही बाहेर या.

ड्रिल सुरू झालंय. उलटं फिरतंय. एक एक स्क्रू निघतोय. मी बादली भरून—

४ एप्रिल, नंतर

दार उघडत नाही.

मोरीत नळ चालू होता. मी चादरी पिळत होते. ड्रिल थांबलेलं लक्षात आलं नाही. नळ बंद केला आणि ऐकलं. पुढच्या छपरातून, उंबऱ्याच्या वरून, माझा आवाज. टिचकी, दाराला बाहेरून कडी घाल हं, धूळ येईल.

हे वाक्य मी कधीच म्हटलेलं नाही.

कडी वाजली.

दारावर धडका दिल्या. यंत्राचं स्टूल आपटलं. भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं, ठोकाठोक अजून किती वेळ हो? आणि वरून मी उत्तर दिलं. गोड आवाजात. झालंच काकू, संपत आलंय.

फोनवर पत्रेवाल्यांचा निरोप आलाय. ताई, तुम्ही आतून म्हणालात राहू द्या, आता सगळं ठीक आहे, संध्याकाळी या, म्हणून उतरलो. तुम्ही बोललात म्हणजे बरं झालं असेल असं वाटलं. खरं सांगू का, मलाही सुटल्यासारखंच झालं. अर्धे स्क्रू काढलेत. शिडी तिथेच आहे, संध्याकाळी नेतो.

मी लिहिलं, मी बोलले नाही. मला आवाज नाही. परत या. धावत या.

त्यांनी अजून पाहिलेलं नाही. गाडीवर असतील.

शिडी. शिडी खिडकीसमोरच आहे—

वरून मी तिला बोलावतेय. ये गं, वर ये. किती मोकळं आहे बघ इथे. मी वरच आहे.

तिचे पाय दिसतायत. पहिल्या पायरीवर.

मी गजांतून हात काढला, रिळं फेकली. तिने खाली पाहिलं. मला पाहिलं. मग वर पाहिलं. मला पाहिलं.

वरून म्हणतंय, टिचकी, तिला बोलायला सांग बरं. बोलतेय का ती? नाही ना? मग ती मी कशी असेन?

ती रडतेय. वर एक पाय—

वाचता येतं तिला. याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून गजांतून धरते—

टिचकी
ही मी आहे
माझा आवाज त्याने घेतला
मी तुला सांगितलं नाही, तू घाबरशील म्हणून. चुकले मी
खाली ये

वाचतेय. बोट धरून, एकेक अक्षर. वाच बाळा. वाच.

पत्र्याचा सुटलेला कोपरा वाऱ्याने उचलला गेला. फडफडला. आणि ती खोकली—

टिचकी खोकली. वरून नाही. तिच्या छातीतून, शिट्टीसकट. तिचं तिला मिळालं. माझी पोर खोकतेय!

उतरली. गजातून माझं बोट धरलंय तिने. गरम आहे हात. कडी काढायला जायचं म्हणते. म्हणते! बोलली!

नको. दाराकडे नको. उंबऱ्यावरचा पत्रा खाली येतोय, मधोमध, पोटासारखा. तडा गेलाय. भुकटी पडतेय, सगळीकडे. दार उघडलं तर ती याच्याखाली येईल—

लिहून दाखवते—

काकूंकडे पळ. श्वास आता तुझ्याजवळ आहे, पुरेल तुला. पळ
मागे बघू नकोस
हा खेळ नाही

गेली. फाटक वाजलं.

आता वरून तिला हाक मारतंय. माझ्याच आवाजात, रडून, अगदी मी रडले असते तशी. टिचकी, मला सोडून जाऊ नकोस गं—

पत्रा माझ्या डोक्याला लागतोय. बसून लिहितेय.

काकू, हे पान तुम्हाला मिळालं तर तिला घट्ट धरून ठेवा. आणि टिचकी, तू ऐक. घरातून मी हाक मारेन. उद्या मारेन, परवा मारेन, दार उघडून बाहेर येऊन मारेन, तुला जवळ घ्यायला हात पुढे करेन. ओ देऊ नकोस. मी कितीही रडले तरी ओ देऊ नकोस, कारण ती मी न